चेन की गिअर

तुमच्यापैकी काही जण दिवसभर एसटीच्या आगारात, गॅरेजमध्ये किंवा एखाद्या साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये राबून रात्री हे पुस्तक उघडत असतील. पुढे मी जे सांगणार आहे त्यातले पुष्कळसे त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक आहे, आणि माझी चूकही ते माझ्याआधीच ओळखतील. ज्यांनी इंजिनाचे झाकण कधी उघडून पाहिले नाही त्यांनी मात्र बिचकून पान उलटू नये. सायकल आणि रसवंतीचा चरक या दोन गोष्टी पाहिलेल्या असल्या, की या लेखापुरते यंत्रज्ञान पुरे आहे.

आमच्या घरी १९४३ सालची एक विलीज जीप आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराने विकायला काढलेल्या गाड्यांपैकी ती एक. माझ्या थोरल्या चुलत्यांनी ती घेतली त्या सुमारास जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले होते. १९४९ साली वेगळा झालेला ‘दक्षिण सातारा’ पुढे १९६० मध्ये सांगली जिल्हा या नावाने ओळखला जाऊ लागला. आमचे गाव उत्तरेकडे राहिले. चुलत्यांची सोयरीक, हळदीचा व्यवहार आणि गाडीचा मिस्त्री हे सारे दक्षिणेकडे गेले. त्यामुळे साताऱ्याहून कऱ्हाड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा करीत सांगली गाठायची, हा या गाडीचा नेहमीचा रस्ता. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, हिच्यावरच चाक धरायला शिकले आणि त्या शिदोरीवर फौजेत ड्रायव्हर म्हणून भरती झाले. साताऱ्याकडच्या घरांत फौजेची नोकरी नवलाची नाही. नवल एवढेच, की ते पेन्शनीत निघून घरी आले तेव्हाही गाडी चालत होती.

आमच्या भागातील बहुतेक जुन्या जीपगाड्यांत पुढे डिझेलचे इंजिन बसले. आमच्या गाडीत मात्र मूळचेच पेट्रोल इंजिन राहिले: चार सिलिंडर, सुमारे २२०० सीसी, ६० अश्वशक्ती. त्याचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नसून सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच बसवलेले आहेत. ही बाजूच्या व्हॉल्व्हची गोष्ट ध्यानात ठेवा. आबांचा सारा युक्तिवाद पुढे तिच्यावरच उभा राहणार आहे.

इंजिनाच्या तळाशी क्रँकशाफ्ट असतो. पिस्टन खालीवर होतात आणि त्याला फिरवतात. त्याच्या वरच्या अंगाला दुसरा एक दांडा असतो, तो कॅमशाफ्ट. त्याच्यावरचे उंचवटे व्हॉल्व्ह उचलतात आणि पुन्हा मिटू देतात. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतील तेव्हा कॅमशाफ्टचा नेमका एक फेरा व्हायला हवा, आणि तोही ठरलेल्या क्षणी. या मेळाला सारे जण टायमिंग म्हणतात. तो राखण्याचे दोन जुने मार्ग आहेत. एक म्हणजे दोन्ही दांड्यांवर दात्यांची चाके बसवून त्यांवरून सायकलीसारखी चेन फिरवायची. दुसरा म्हणजे चेन काढून टाकायची आणि दोन गिअर थेट एकमेकांत भिडवायचे, चरकाच्या लाटांवर असतात तसे. सायकलीचे पायडल ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने मागचे चाक फिरते. चरकात मात्र एक लाट इकडे तर दुसरी तिकडे. तसे झाले नाही तर ऊस आत ओढलाच जाणार नाही. किती सोपा फरक आहे हा! मला तो कळायला साडेतीन हजार रुपये पडले.

२०१९ च्या उन्हाळ्यात गाडी यवतेश्वरच्या घाटात दम टाकू लागली. खरे तर दुखणे जुनेच होते. चेनचा एकेक सांधा केसभर झिजतो आणि सगळ्या सांध्यांची झीज मिळून चेन लांबते. या इंजिनात चेन ताणून धरणारी काही सोय नाही. चेन लांबली की कॅमशाफ्ट मागे पडतो. व्हॉल्व्ह उशिरा उघडतात आणि उशिरा मिटतात. ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटरही कॅमशाफ्टच्याच जोरावर चालतो, म्हणून ठिणगीलाही उशीर. दर एकदोन वर्षांनी मी गाडी गॅरेजमध्ये नेत असे. तिथे डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून ठिणगी जागेवर आणली जाई. गाडी हुशारीत येई. व्हॉल्व्ह मात्र उशिराचे उशिराचेच राहत. अशी दहा वर्षे मी उशिरा चालणाऱ्या घड्याळाचा काटा पुढे सरकवत राहिलो आणि घड्याळ दुरुस्त झाले असे समजत राहिलो. चेनला यात दोष देता येत नाही. ती काही बोलत नाही, हाच तिचा गुण म्हणून तर ती इंजिनात घालतात.

मे महिन्यात इंजिन उतरवून टेम्पोने सांगलीला नेले. मारुती चौकापासून खाली उतरत जाणाऱ्या एका गल्लीत मिस्त्रींचे दुकान आहे: एक लेथ, एक ड्रिल मशीन, भिंतीला पाने. त्यांनी पुढचे झाकण काढले आणि आतून मला दाखवले. सैल पडलेली चेन वर्षानुवर्षे घासून लोखंडावर चकचकीत चर पडली होती. मग त्यांनी ती चेन काढून दोन बोटांवर आडवी धरली. नवी चेन आडवी धरली तर जेमतेम झुकते. ही धनुष्यासारखी लोंबली.

“गिअर टाकूया,” मिस्त्री म्हणाले.

त्यांचा कल समजण्यासारखा होता. या मुलखातले हात ज्या इंजिनांवर तयार झाले ती विहिरीवरची इंजिने होती. साताऱ्याजवळ सातारा रोड स्टेशनाच्या परिसरात धनजीशा कूपर यांचा कारखाना; इकडे औंध संस्थानच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वसवलेली किर्लोस्करवाडी आणि पुढे १९४६ पासून पुण्यात निघालेली किर्लोस्करांची ऑइल इंजिने. मराठीच्या विद्यार्थ्यांना किर्लोस्करवाडी वेगळ्या कारणाने ठाऊक असते. १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे मासिक तिथे निघाले, त्यातून ‘किर्लोस्कर’ झाले आणि १९३० साली ‘स्त्री’ही तिथूनच आले. आपल्या अभ्यासक्रमात वाडीचे हे छापलेले कागद असतात, तिथले लोखंड नसते. मला ही वाटणी कधी पटली नाही. एका हाताने नांगराचा फाळ आणि दुसऱ्या हाताने कथा पाठवणारे ते गाव होते. असो. मिस्त्री लहानपणी वडिलांच्या हाताखाली ज्या एक सिलिंडरच्या इंजिनांची झाकणे उघडत आले त्यांत क्रँकचा गिअर थेट कॅमच्या गिअरला भिडलेला असे. रात्रभर पाणी उपसणारे इंजिन बंद पडले तर पीक जाते. म्हणून जे थेट भिडते त्याच्यावर त्यांचा भरवसा.

मीही थोडे वाचन केले. विलीज कंपनीने स्वतःच युद्ध संपल्यावर, १९४६ च्या सुमारास, याच इंजिनातली चेन काढून गिअर घातले होते. पुढे महिंद्रांनी आपल्याकडे बांधलेल्या पेट्रोल जीपगाड्यांतही गिअरच होते. ज्याने इंजिन घडवले त्यानेच मत बदलले, मग प्रश्न उरला कुठे? एका जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून मी क्रँकचा आणि कॅमचा असे दोन गिअर घेतले आणि विजयी मुद्रेने सांगलीला गेलो.

मिस्त्रींनी ते दोन्ही टेबलावर ठेवले, दाते एकमेकांत अडकवले आणि छोटा गिअर बोटाने फिरवला. मोठा उलट फिरला.

“सर, आता हा तुमचा जुना दांडा उलटा फिरणार. मग सांगा बघू, धूर आधी बाहेर का हवा आधी आत?”

मी काही बोललो नाही. जळलेला वायू बाहेर जावा आणि मग नवा आत यावा, या क्रमाने कॅमशाफ्टचे उंचवटे एकामागून एक घडवलेले असतात. दांडा उलट फिरवला तर क्रमही उलटतो. म्हणजे चेनच्या इंजिनाला गिअर लावायचे तर कॅमशाफ्ट दुसरा हवा. कॅमशाफ्ट दुसरा घेतला की त्याच्या दात्यांवर चालणारा तेलाचा पंप त्याच्या जोडीचा हवा. चेनच्या इंजिनात कॅमशाफ्ट पुढे सरकू नये म्हणून झाकणात स्प्रिंगवरचा एक दट्ट्या असतो. गिअरच्या इंजिनात ते काम मागे बसवलेली एक पट्टी करते, तीही हवी. मी दोन गिअर आणले होते आणि समजत होतो की निर्णय घेतला. मिस्त्री हसले नाहीत. “जे ठरवाल ते पुरं ठरवा,” एवढेच म्हणाले.

घरी आल्यावर आबांना हे सांगितले. ते तेव्हा ऐंशी ओलांडलेले होते आणि त्यांचे मत स्वच्छ होते: चेनच बसवायची. मी कारखान्याने बदललेल्या मताचा दाखला दिला, तो त्यांनी ऐकून घेतला.

“चेन तुटली तर काय होतं?” त्यांनी विचारले.

“गाडी थांबते.”

“मग? थांबलेली गाडी ढकलता येते.”

हे वाक्य नीट समजून घ्यायला हवे. आजच्या पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनच्या डोक्यावर असतात. टायमिंगची चेन किंवा पट्टा चालत्या गाडीत तुटला तर उघडा राहिलेला व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन यांची टक्कर होते आणि इंजिन फुकट जाते. आमच्या जीपचे व्हॉल्व्ह बाजूला आहेत. पिस्टन त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. चेन तुटली तर इंजिन निमूट बंद पडते, बाकी काही मोडत नाही. उलट या इंजिनातला कॅमचा गिअर आवाज कमी व्हावा म्हणून दाबून घट्ट केलेल्या फायबरचा असतो. त्याचे दाते निघाले तर गाडी थांबतेच, शिवाय त्याचा चुरा तेलाच्या टाकीत उतरतो आणि टाकी काढून सारे धुवावे लागते. पोलादी किंवा ॲल्युमिनियमचा गिअर घालावा तर तो सतत गुणगुणतो. फौजेतल्या ड्रायव्हरला बिघाड होईल की नाही यापेक्षा, तो कोणत्या ठिकाणी आणि किती महागात पडेल याची चिंता जास्त असते. आबांचा मुद्दा मला तेव्हाही खोडता आला नाही आणि आजही येत नाही.

आणि आणखी एक गोष्ट होती, ती ते बोलले नाहीत. गिअरने आवाज बदलला असता. वयाच्या पंधराव्या वर्षापासून जो आवाज ऐकला तोच त्यांना ऐकायचा होता.

मिस्त्रींचे खरे की आबांचे, यात माझे जून आणि जुलै गेले. मूळ चेन सावकाश मिळत होती, दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारात एकाने शोधून देण्याचे कबूल केले होते. गिअरचा पूर्ण संच कोल्हापूरकडे एका मोडलेल्या इंजिनात होता. मी दोघांनाही ‘कळवतो’ म्हणालो. मिस्त्री मधूनमधून विचारत. ब्लॉकचे बोअर, क्रँकची घासाई, सारे त्यांनी थांबवून ठेवले होते, कारण कोणता कॅमशाफ्ट बसणार ते ठरल्याशिवाय पुढे जाण्यात त्यांना अर्थ वाटत नव्हता. उघडे इंजिन तेल लावून, पोत्यात गुंडाळून त्यांनी कोपऱ्यात ठेवले होते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात काय झाले ते सांगलीकरांना सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या पुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ चा पूर पाहिलेली माणसे ‘तेवढेच येईल’ म्हणून त्या खुणेच्या वर सामान ठेवून बसली होती. मिस्त्रींनीही तसेच केले. लेथची मोटर त्यांनी २००५ च्या रेषेच्या वर फळीवर चढवली. माझे इंजिन उचलायला चार माणसे लागली असती, आणि त्या रात्री प्रत्येकाच्या घरी उचलायला आपले आपले काही होते.

पाणी ओसरल्यावर, रस्ते उघडताच मी गेलो. गल्लीत गाळाचा वास होता. तो वास ज्यांनी घेतला आहे त्यांना सांगावा लागत नाही. मोटर बुडाली होती. लेथच्या बेडवर तांबूस गंजाची साय आली होती. इंजिनाचे पोते उलगडले तेव्हा आत बोटभर काळा गाळ होता, सिलिंडरांत, तेलाच्या वाटांत, सगळीकडे. क्रँक आधी वीसवर घासलेला होता, तो आता तीसवर न्यावा लागणार होता. कॅमशाफ्टच्या उंचवट्यांवर गंजाने देवीच्या व्रणांसारखे खड्डे पाडले होते. तो दांडा संपला.

मी जूनमध्ये हो किंवा नाही म्हटले असते तर ते इंजिन जुलैअखेर साताऱ्याला आमच्या पडवीत असते. मिस्त्रींनाही हे कळत होते. ते त्यांनी एकदाही बोलून दाखवले नाही. त्यांच्या स्वतःच्या नुकसानीची यादी करायला तलाठ्याचा माणूस आला तेव्हा त्यांनी लेथ सांगितली, मोटर सांगितली, हत्यारे सांगितली. माझे इंजिन ‘गिऱ्हाइकाचे आहे’ म्हणून यादीत घातले नाही. मी आगाऊ पैसे पुढे केले, ते त्यांनी घेतले नाहीत. पंधरा दिवसांनी घेतले, मोटर भरून आणण्यासाठी.

मग निवड उरली होती का? थोडी उरली होती. चेनच्या इंजिनाचा चांगला कॅमशाफ्ट मिळणे चेनपेक्षा कठीण होते, पण अशक्य नव्हते. आबांना मी सारे जसेच्या तसे सांगितले, माझ्या दिरंगाईसकट. ते बराच वेळ गप्प होते. “त्या मिस्त्र्याच्या हाताला जे येतं ते त्याला करू दे,” ते म्हणाले, “त्याचं दुकान उभं राहायचंय अजून.” गाडीच्या आवाजाविषयी ते काही बोलले नाहीत.

कोल्हापूरकडचा संच आला: कॅमशाफ्ट, पंप, पट्टी आणि गिअर. माझे साडेतीन हजारांचे गिअर त्या कॅमशाफ्टबरोबर बसले असते, पण मिस्त्रींनी जुनी जोडी मोडू दिली नाही. एकमेकांबरोबर झिजलेले दोन गिअर एकत्रच ठेवावेत, त्यांतला एक बदलला तर दुसरा रडतो, असे त्यांचे म्हणणे. संचातला फायबरचा गिअर चांगला निघाला, म्हणून तोच राहिला. माझी जोडी अजून घरात कपाटावर आहे, कागद उडू नयेत म्हणून.

जोडणीच्या दिवशी मी दिवसभर तिथे बसलो. मिस्त्रींनी सर्वांत जास्त वेळ कशावर घालवला असेल? ब्लॉकच्या पुढच्या तोंडाला एक बारीक छिद्र असते, त्यातून दोन्ही गिअरांवर तेलाची धार पडते. ते गाळाने बुजले होते. तारेने, रॉकेलने, कॉम्प्रेसरच्या हवेने, पुन्हा तारेने असे करीत त्यांनी ते मोकळे केले आणि बॅटरीच्या उजेडात आरपार दिसते का, ते मला पाहायला लावले. फायबरच्या गिअरला तेल मिळाले नाही तर तो महिना काढणार नाही. मग दोन्ही गिअरांवरच्या खुणा समोरासमोर आणून दाते भिडवले, आणि क्रँक हाताने सावकाश फिरवला. खालचा गिअर उजवीकडे, वरचा डावीकडे. क्रँकचे दोन फेरे झाल्यावर खुणा पुन्हा भेटल्या. मला वाटले आता झाकण बसवतील. त्यांनी आणखी दोन फेरे दिले, मग आणखी दोन.

इंजिन डिसेंबरात गाडीवर चढले. आवाज बदलला हे खरे. पूर्वी मंद चालीवर झाकणामागे एक सळसळ असे. तिच्या जागी एक बारीक, सलग घूं आली. आबा पायरीवर बसून ऐकत होते. त्यांनी तेल पाहिलेस का, असे विचारले. मी पाहिले आहे म्हणालो. तरी त्यांनी उठून दांडी काढली, स्वतः पाहिली, फडक्याला पुसली आणि परत घातली.

२०२१ च्या जुलैत कृष्णा पुन्हा चढली. या वेळी मिस्त्रींनी मोटर आणि हत्यारे आधीच वरच्या मजल्यावर नेली होती. लेथ तेवढी खाली राहिली. दुकानात पाणी शिरले त्या संध्याकाळी मी फोन केला. ते भावाच्या घरी गच्चीवर होते. मी लेथविषयी विचारणार होतो, तोच त्यांनी विचारले, “सर, गाडी घरी आहे ना?”

“आहे.”

“चालू करा जरा. मोबाइल पुढच्या झाकणाजवळ धरा.”

पाऊस थांबला होता. मी गाडी चालू केली, बॉनेट उघडले आणि फोन झाकणापाशी धरला. त्यांच्या बाजूने मला माणसांचा गलका आणि कुठेतरी होडीचे इंजिन ऐकू येत होते. मिनिटभराने त्यांनी थोडी रेस द्यायला सांगितली, मग सोडायला सांगितली.

“फॅनचा पट्टा सैल झालाय,” मिस्त्री म्हणाले. “गिअरला काही नाही.”